नेक्सस कार्ड, किऑस्क आणि सोबतचा डबा : वाचकांचे प्रश्न

सुट्टीची तिकिटं काढायची वेळ आली की कॅनडातल्या आपल्या वाचकांची पत्रं एकाच विषयावर येऊ लागतात: सीमेवरची रांग कशी चुकवायची? त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी कॅनडाचा नागरिक आहे. पत्नी पीआर (कॅनडाची कायम रहिवासी) आहे, तिचा पासपोर्ट भारतीय. मुलगी आठ वर्षांची. वर्षातून तीन-चारदा न्यू जर्सीला भावाकडे जातो. नेक्सस घ्यावं का? आणि तिघांनाही सारखाच फायदा होईल का? (मिसिसागा)

घ्यावं. पण फायदा सारखा होणार नाही, आणि तो कुठे वेगळा आहे हे अर्ज करण्याआधीच समजून घ्या.

नेक्सस ही आधीच तपासलेल्या प्रवाशांना सीमेवरून लवकर सोडण्याची, कॅनडाची सीबीएसए आणि अमेरिकेची सीबीपी या दोन सीमा यंत्रणांची एकत्र योजना आहे. दोघीही तुमची स्वतंत्रपणे पार्श्वभूमी तपासतात आणि दोघींनी होकार दिला तरच कार्ड मिळतं. कार्ड ५ वर्षं चालतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून फी १२० अमेरिकन डॉलर आहे, त्याआधी ती ५० होती. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना फी नाही, पण मुलीचा अर्ज वेगळा करावा लागेल आणि तिचं कार्डही वेगळं असेल.

तुम्हाला, म्हणजे कॅनडाच्या नागरिकाला, सगळे फायदे मिळतात: कॅनडात परत येताना नेक्सस किऑस्क (स्वतः वापरायचं तपासणीचं यंत्र), अमेरिकेत शिरताना ग्लोबल एन्ट्रीची (इमिग्रेशन लवकर उरकण्याची) सोय, जमिनीवरच्या सीमेवर वेगळी लेन, आणि अमेरिकेतल्या विमानतळांवर टीएसए प्रीचेक, म्हणजे सिक्युरिटीची जलद रांग. प्रीचेकसाठी कार्डाच्या मागचा पास आयडी विमान कंपनीच्या बुकिंगमध्ये ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’च्या रकान्यात भरा. तो भरला नाही तर बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण येत नाही, आणि सिक्युरिटीच्या रांगेत नुसतं कार्ड दाखवून कोणी आत सोडत नाही. टोरोंटोहून निघताना मात्र प्रीचेकचा उपयोग नाही, कारण तिथली सुरक्षा तपासणी कॅनडाची संस्था करते. तिथे ‘व्हेरिफाइड ट्रॅव्हलर’ची रांग शोधा, नेक्सस कार्ड तिथे चालतं.

तुमच्या पत्नीला किऑस्क आणि लेन मिळेल, प्रीचेक मिळणार नाही. नेक्ससमधून प्रीचेक फक्त अमेरिकन नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि कॅनडाचे नागरिक यांनाच आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नेक्सस हा व्हिसा नव्हे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) पूर्वीइतकेच लागतात. कार्ड आहे म्हणून व्हिसा संपलेला पासपोर्ट घेऊन त्या निघाल्या, तर त्यांना परत फिरावं लागेल. प्रत्येक वेळी पासपोर्ट, पीआर कार्ड आणि नेक्सस ही तिन्ही जवळ हवीत. तुम्हाला जमिनीवरून जाताना पासपोर्टऐवजी नेक्सस कार्ड चालतं, तरी पासपोर्ट घरी ठेवू नका.

प्रश्न : माझ्या भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव आहे. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव नाही. लग्नाआधीचं आडनावही वेगळं. अर्जात काय लिहू? (सरे)

आपल्याकडच्या अर्जांची सर्वात जास्त रखडपट्टी इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांच्या दोन ओळी असतात, ज्यांत मध्ये बाणासारख्या खुणा दिसतात. यंत्र त्याच ओळी वाचतं. वरच्या ओळीत आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीची नावं. अर्जातलं नाव या ओळीशी अक्षरशः जुळलं पाहिजे, स्पेलिंगसकट. वडिलांचं नाव तिथे असेल तर तेही अर्जात आलंच पाहिजे. ‘आम्ही ते वापरत नाही’ म्हणून गाळू नका.

लायसन्सवर नाव अपुरं असेल तर लायसन्सचा तपशील आहे तसा भरा आणि ते छोटं रूप ‘पूर्वी वापरलेली इतर नावं’ या रकान्यात द्या. लग्नाआधीचं आडनावही तिथेच द्या. जुन्या व्हिसावर किंवा जुन्या पासपोर्टवर ते नाव असतंच. ते तुम्ही लिहिलं नाही आणि त्यांना सापडलं, तर माहिती लपवल्यासारखं दिसतं. मुलाखतीला विवाह प्रमाणपत्र न्या. मराठीतलं असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत असू द्या.

अर्जात गेल्या ५ वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या द्याव्या लागतात. मध्ये एक महिनाही रिकामा सोडू नका. पुण्याची नोकरी सोडून इथे आल्यावर चार महिने काम नव्हतं, तर ‘बेरोजगार’ असंच लिहा. त्यात कमीपणा नाही आणि त्यावरून अर्जही नाकारत नाहीत. रिकाम्या जागेमुळे मात्र अर्ज अडकून राहतो. विमानाची तिकिटंही यापुढे याच नावाने काढा.

प्रश्न : ‘कंडिशनल अप्रूव्हल’ आलं, पण मुलाखतीची तारीख मिळत नाही. (कॅलगरी)

कंडिशनल अप्रूव्हल म्हणजे कागदांवरची तपासणी झाली, मुलाखत बाकी आहे. २०२३ पासून कॅनडातल्या विमानतळांवर ही मुलाखत दोन तुकड्यांत होते. कॅनडाचा अधिकारी एनरोलमेंट सेंटरमध्ये भेटतो. अमेरिकेचा अधिकारी, तुम्ही अमेरिकेच्या विमानासाठी निघाला असाल त्या दिवशी, प्रीक्लिअरन्सच्या भागात, म्हणजे अमेरिकेची प्रवेश तपासणी कॅनडातच होते तिथे, भेटतो. म्हणजे दुसऱ्या भागासाठी अमेरिकेचं तिकीट लागतं. अमेरिकेचं प्रीक्लिअरन्स व्हँकूवर, कॅलगरी, एडमंटन, विनिपेग, टोरोंटो पिअर्सन, ओटावा, माँट्रिअल आणि हॅलिफॅक्स या आठ विमानतळांवर आहे. त्या दिवशी नेहमीपेक्षा निदान तासभर आधी पोहोचा. मुलाखत लांबली म्हणून विमान तुमच्यासाठी थांबणार नाही.

दुसरा मार्ग अमेरिकेच्या बाजूच्या सेंटरचा. उदाहरणार्थ व्हँकूवरच्या दक्षिणेला ब्लेन. तिथे दोन्ही बाजूंचं काम एकाच खेपेत होतं. तारखा रद्द होतात आणि पुन्हा दिसू लागतात, म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा ट्रस्टेड ट्रॅव्हलरचं (नेक्ससच्या अर्जाचं) पोर्टल उघडून पाहत राहा. भारतीय पासपोर्ट असेल तर एक गोष्ट विसरू नका: त्या सेंटरला जायचं म्हणजे अमेरिकेत शिरायचं, तेव्हा मुलाखतीला जाण्यासाठीही व्हिसा हवा.

मुलाखतीत प्रश्न साधे असतात: कुठे काम करता, कशासाठी जाता, कधी अटक झाली होती का, कस्टम्सकडे कधी काही सापडलं होतं का. शेवटच्या दोन प्रश्नांना ‘फार जुनं आहे’ म्हणून नाही म्हणू नका. जगातल्या कुठल्याही देशातली शिक्षा विचारात घेतली जाते, आणि खोटं उत्तर हे स्वतःच अर्ज नाकारण्याचं कारण आहे. गांजाबद्दलही: १७ ऑक्टोबर २०१८ पासून तो कॅनडात कायदेशीर आहे, सीमेपलीकडे नेणं मात्र दोन्ही दिशांनी गुन्हा आहे.

प्रश्न : गाडीत आम्हा दोघांकडे नेक्सस आहे. भारतातून आलेली आई सोबत असेल तर नेक्सस लेनमधून जाता येईल का? (विंडसर)

नाही. गाडीतल्या प्रत्येकाकडे स्वतःचं कार्ड हवं, मांडीवरच्या बाळाकडेसुद्धा. आईंना घेऊन साध्या लेनमध्ये जा. चुकून नेक्सस लेनमध्ये शिरलात तर तो नियमभंग धरला जातो आणि दोघांचीही कार्डं धोक्यात येतात. नायगरा फॉल्सचा व्हर्लपूल रॅपिड्स ब्रिज तर पूर्ण नेक्ससवाल्यांसाठीच आहे, नकाशातल्या ॲपने तो जवळचा दाखवला तरी आईंसोबत तिकडे वळू नका.

नवीन कार्ड हातात आल्यावर ते पोर्टलवरच्या खात्यात जाऊन ॲक्टिव्हेट करा. न केलेलं कार्ड लेनमधलं यंत्र ओळखत नाही. लेनमध्ये कार्ड पाकिटातून काढून, सगळ्यांची कार्डं पंख्यासारखी पसरून यंत्रासमोर धरा. एकावर एक रचलेली कार्डं नीट वाचली जात नाहीत.

प्रश्न : नेक्सस नाही. पुण्याहून परतताना टोरोंटोच्या किऑस्कवर काय करायचं? सोबत लाडू, लोणचं, थोडे दागिने असतात. नेक्सस असेल तर हे सगळं विचारतच नाहीत, असं एकाने सांगितलं. (ब्रॅम्प्टन)

ते ‘एकाने सांगितलेलं’ पूर्ण चुकीचं आहे, आणि त्यापायी कार्डं जातात. नेक्ससवाल्यालाही तेच डिक्लेरेशन (सोबत काय आणलं ते जाहीर करणं) करावं लागतं आणि त्याच्या चुकीची किंमत जास्त असते, कारण दंडाबरोबर सदस्यत्वही रद्द होऊ शकतं.

आधी किऑस्क. विमान उतरण्याच्या ७२ तास आधीपासून अराइव्हकॅन या सरकारी ॲपमध्ये ‘ॲडव्हान्स डिक्लेरेशन’ भरता येतं. कोविडच्या काळात ते ॲप सक्तीचं होतं, १ ऑक्टोबर २०२२ पासून ते ऐच्छिक आहे. भरून ठेवाच: रात्रभर जागून आल्यावर उभ्याउभ्या उत्तरं देताना माणूस ‘नाही, नाही, नाही’ दाबत सुटतो. एका पत्त्यावर राहणाऱ्या पाच जणांपर्यंत एकच डिक्लेरेशन चालतं. किऑस्कवर पासपोर्ट स्कॅन होतो, फोटो निघतो, भरलेली उत्तरं समोर येतात. काही बदललं असेल तर तिथे बदला. पावती घेऊन अधिकाऱ्याकडे जा. चष्मा, टोपी, मास्क काढून सरळ बघितलं नाही तर फोटो जुळत नाही.

खाण्याच्या बाबतीत ‘अन्नपदार्थ आहेत का?’ याला ‘हो’ म्हणा. लाडू, चिवडा, मसाला, चहा, काहीही असलं तरी ‘हो’. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बिया, रोपं, पेढ्यांसारखे दुधाचे पदार्थ, मांस आणि सुकट यांची विशेष चौकशी होते. सांगून दाखवलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, विषय संपतो. न सांगता सापडली तर १,३०० कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आईने हाताने बांधून दिलेली हापूसची पेटी जाताना मन दुखतं हे खरं, पण ती लपवू नका. घरच्या पदार्थांच्या डब्यावर त्यात काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा. अधिकाऱ्याला मेतकूट म्हणजे काय हे समजावण्यात वेळ जातो.

आता दागिने. बाहेर ४८ तास किंवा जास्त राहिलात तर माणशी ८०० कॅनेडियन डॉलरच्या वस्तू करमुक्त आणता येतात, २४ तासांहून जास्त पण ४८ हून कमी असेल तर २०० च्या. लग्नात मिळालेली सोन्याची साखळी ‘भेट आहे’ म्हणून यातून सुटत नाही. नवराबायकोची मर्यादा एकत्र करून १,६०० ची एक वस्तूही चालत नाही. जास्त असेल तर खरी किंमत सांगा आणि सोनाराची पावती दाखवा. कर भरून सुटता. कमी किमतीची पावती बनवून घेतली आणि ते लक्षात आलं, तर दागिना जप्त होतो.

इथून घालून गेलेले दागिने परतताना ‘नवे’ ठरू नयेत म्हणून निघण्याआधी मूल्यांकनाचा कागद, तारखेचे फोटो आणि इथली खरेदीची पावती फोनमध्ये ठेवा. जवळ १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते. नेण्यावर बंदी नाही, न सांगण्यावर आहे.

प्रश्न : पासपोर्ट नवा झाला आणि किऑस्क मला ओळखेना. (ओटावा)

खात्यात जुनाच नंबर आहे. ट्रस्टेड ट्रॅव्हलरच्या पोर्टलवर नवा नंबर आणि मुदत भरा, कार्ड तेच चालेल. पण पीआरचे नागरिक झाला असाल किंवा नाव बदललं असेल तर नुसतं ऑनलाइन भागत नाही, कागद घेऊन एनरोलमेंट सेंटरला जा. नागरिकत्वाची नोंद झाली की प्रीचेकही मिळू लागतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो. मुदत संपू देऊ नका.

प्रश्न : मुंबईत उतरल्यावर असं काही आहे का? आम्ही ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड असलेले). (मार्कम)

आहे, आणि त्याला फी नाही. भारताचा फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम २२ जून २०२४ ला दिल्लीत सुरू झाला. १६ जानेवारी २०२५ ला मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आला. तो भारतीय नागरिक आणि ओसीआयधारकांसाठी आहे. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, छाननी झाली की ठरलेल्या विमानतळावर किंवा एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या) कार्यालयात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. त्यानंतर ई-गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन करून जाता येतं. नोंदणी ५ वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर चालते. बोर्डिंग पास विमानातच टाकून येऊ नका, गेटवर तो लागतो.

प्रश्न : वाटेत लंडनला दोन दिवस थांबलो तर? (मिसिसागा)

कॅनडाच्या पासपोर्टवर जानेवारी २०२५ पासून आधी ईटीए (ब्रिटनची ऑनलाइन प्रवास परवानगी) काढावं लागतं. ते असलं की हीथ्रोच्या ई-गेटमधून जाता येतं, वय १० किंवा त्याहून जास्त असेल तर. लहान मूल सोबत असेल तर कुटुंबाने अधिकाऱ्याच्या रांगेत जा. भारतीय पासपोर्ट असेल तर ईटीए नव्हे, ब्रिटनचा व्हिसा लागतो. कॅनडाचं पीआर कार्ड तिथे शहरात फिरण्यासाठी उपयोगाचं नाही, म्हणून तिकीट काढण्याआधी व्हिसाला लागणारा वेळ पाहून घ्या.