क्लोरीनची ओटी टेस्ट टाकीवर नको, शेवटच्या नळावर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर जुलैत गावात जुलाबाची साथ येते, आरोग्य खात्याची माणसं धुरळणी करून जातात, मग एरवी हे लोक करतात तरी काय? मी जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. तेव्हा जरा लांबण लागणार.

धुरळणीचं आधी उरकतो. जुलाबाशी तिचा काडीचा संबंध नाही. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आम्ही आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी ओतून कोरडी करा म्हणून ओरडत असतो. डेंग्यूचं खरं काम म्हणजे कंटेनर सर्वे. घरोघर रांजण, टाक्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर बघायचे, ओतता येत नाही तिथे टेमिफॉस हे अळ्या मारायचं औषध टाकायचं, हौदात गप्पी मासे सोडायचे. पण रांजण ओतून दाखवलेला कुणाला आवडत नाही. धूर सगळ्यांना दिसतो, फोटोही चांगला येतो.

आता पाणी. एक गोष्ट आधी समजून घ्या. विहीर, मोटार, टाकी, पाइप यांतलं काहीच आरोग्य खात्याच्या ताब्यात नसतं. ते ग्रामपंचायतीचं. टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, विकत घेणार ग्रामपंचायत, टाकणार ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. आमचं काम बघायचं, मोजायचं, लिहून द्यायचं आणि मागे लागायचं. ऐकायला फार किरकोळ वाटतं, पण साथ थांबते ती इथेच. उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येला एक (आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार), त्यामुळे एका सेवकाकडे चार-पाच गावं सहज असतात. तो रोज तुमच्या गावात नसतो, हे खरंच आहे.

पावसाळ्यातच साथ का येते, याचं एक साधं गणित सांगतो. विहिरीचा व्यास ६ मीटर धरा. मे महिन्यात पाणी २ मीटर, म्हणजे साधारण ५६,५०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅमच्या हिशोबाने टीसीएल लागते २८० ग्रॅमच्या आसपास. ऑगस्टात तेच पाणी ८ मीटरवर जातं. आता २ लाख २६ हजार लिटर, आणि पावडर हवी सव्वा किलोला थोडी कमी. जलसुरक्षक मात्र मेमधलंच डबडं मापून टाकत असतो. पाणी चौपट, त्यात ओढ्याचा गढूळपणा, पावडर तेवढीच. बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी हा तक्ता खडूने मोटारीच्या खोलीच्या दारावर लिहून ठेवायचो, मीटरनिहाय.

पावडर कोरडीच विहिरीत फेकणारेही खूप. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं सोडायचं आणि विहीर ढवळायची. मग निदान अर्धा तास कुणी पाणी उपसू नये. रात्री टाकली तर उत्तम.

यावर नजर म्हणजे ओटी टेस्ट. नळीत पाणी, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेला पाहिजे, आणि तो टाकीत नाही, घरात. एका गावात मी स्वतः इथे फसलो. टाकीखालच्या नळाला रोज झकास पिवळा रंग, नोंदवही भरलेली, आणि जुलाबाचे रुग्ण वाढतच चाललेले. शेवटी आशाताईंना घेऊन रुग्णांची घरं कागदावर मांडली. बहुतेक एकाच गल्लीतली. त्या गल्लीच्या टोकाला ओटी केली तर नळीत पाणी जसंच्या तसं, रंगच नाही. उलट चालत आलो तेव्हा गटाराच्या पाण्यात बुडालेला व्हॉल्व्ह सापडला. पाणी चालू असताना तो बाहेर गळायचा. पुरवठा बंद झाला, पाइप रिकामा पडला की तोच व्हॉल्व्ह गटाराचं पाणी आत ओढायचा. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा भरणाऱ्याच्या घरी ते जायचं. दुरुस्तीला जेमतेम अर्धा दिवस लागला.

जुलाबात निदान माग ताजा असतो. कावीळ त्याहून अवघड. हिपॅटायटिस-ईचा रुग्ण पिवळा दिसतो तेव्हा ते पाणी पिऊन दोन ते आठ आठवडे झालेले असतात. इचलकरंजीत २०१२ साली अशी काविळीची साथ आली होती. अशा वेळी आजचा नमुना चांगला आला म्हणून सुस्कारा सोडायचा नसतो, महिन्यापूर्वी कुठे खोदाई झाली, कुठली लाइन फुटली होती, ते विचारत फिरायचं. शहरांनाही हे चुकलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा नांदेड, किरकटवाडी या भागांत महापालिकेला विहीर, टँकर आणि खासगी आरओ केंद्रांचे नमुने घेत फिरावं लागलं.

नमुन्यावरून आठवलं. लोक कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पाणी आणून देतात. त्याचा उपयोग नाही. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन मारतं. नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल 'पिण्यायोग्य' येतो. बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायची.

तुम्हाला हातात काही हवं असेल तर गावाचं कार्ड मागा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाण्याच्या प्रत्येक स्रोताचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी. कार्डापेक्षा त्यामागचा फॉर्म वाचा. विहिरीला कठडा नाही, शेजारी उकिरडा आहे, गळत्या किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आम्ही लेखी दिलेलं ग्रामपंचायतीच्या फायलीत पडून राहतं, कारण ग्रामसभेत ते वाचून दाखवा म्हणणारं कुणी नसतं. तुम्ही म्हणा.

आणि या आठवड्यात आरोग्य सेवकाला फोन करून त्याच्याबरोबर चक्कर मारा. ओटी तुमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी करायला लावा. येताना टीसीएलचं पोतं कुठे ठेवलंय तेही बघा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, २० च्या खाली गेली की ती वापरायची नाही. एका गावात पोतं तोंड उघडं ठेवून मोटारीच्या खोलीत वर्षभर पडलं होतं. पावडरीला वासही उरला नव्हता, आणि शेजारचा स्टार्टर गंजून खल्लास झाला होता.