फोनचं विचारा: लेस्टरच्या अक्कांशी बोलायचंय

प्रश्न : माझी थोरली बहीण, आमची अक्का, इंग्लंडात लेस्टरला असते. वय ८१. नजर कमी झालीय म्हणून मोबाईल नको म्हणते, हॉलमधला लँडलाइन तेवढा उचलते. पुतण्यानं मला स्काइप लावून दिलं होतं, थोडक्या पैशांत अर्धा अर्धा तास बोलायचो. ते बंद पडलं. मोबाईलला अनलिमिटेड रिचार्ज आहे म्हणून सरळ लावला तर लागत नाही. एका दुकानात पॅक मारून घेतला, तो अमेरिकेचा निघाला. पैसे गेले ते गेलेच. आता काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून शहापूरचा माझा बूथ डोळ्यांपुढं आला. चौदा वर्षं मी तिथं एसटीडी-आयएसडी चालवलं. परदेशी फोन लावणाऱ्या बायका काचेच्या खोपीत उभ्या राहायच्या आणि बोलताना नजर सगळी मीटरच्या लाल आकड्यांवर. ‘जेवलीस काय?’ विचारायच्या आणि धड उत्तर यायच्या आत फोन ठेवायच्या. म्हणून मी आधी हे बघते की अक्कांशी निवांत बोलता यावं, मग पैशाचं.

स्काइप ५ मे २०२५ ला कायमचं बंद झालं. त्या नावानं कुणी लिंक पाठवली तर उघडू नका. आणि तुमचं अनलिमिटेड भारतातल्या भारतात. परदेशासाठी आयएसडी पॅक वेगळं घ्यावं लागतं, काही सिमवर आयएसडी आधी सुरू करून घ्यावं लागतं.

दुकानदाराला ‘फॉरेनचं पॅक द्या’ म्हणू नका. ‘ब्रिटनचं’ म्हणा, आणि पैसे द्यायच्या आधी त्याच्या मोबाईलवर पॅकमध्ये देशाचं नाव स्वतः वाचा. लँडलाइन आणि मोबाईल दोन्हींना चालतं का, तेही विचारा. कित्येक देशांत लँडलाइनचा दर मोबाईलपेक्षा कमी असतो, तेव्हा अक्कांचा जुना फोन तुम्हाला फायद्याचाच आहे. मग किंमत भागिले मिनिटं, हा हिशोब करा. पण त्याहूनही मुदत बघा. सात दिवसांचं पॅक आणि तुम्ही रविवारी एकदाच बोलणार, तर उरलेली मिनिटं वाया जातात. आठवड्याला वीस मिनिटं बोलायचं असेल तर महिन्याला ऐंशी लागतात. जवळपास तेवढ्याच मिनिटांचं, महिनाभर चालणारं शोधा. पोस्टपेड सिम असेल तर बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो धरून चला.

व्हायबर आऊटसारखी ॲप्सही लँडलाइनला फोन लावून देतात. त्यात आधी पैसे भरायचे, नेट फक्त आपल्याकडं लागतं. व्हॉट्सॲपवरून लँडलाइन लागत नाही. तरुण माणसाला मी ॲपच सांगितलं असतं. पण तुमच्या खानापूर भागात, जांबोटीच्या बाजूला, नेटची रेंज जाते-येते, आवाज तुटतो, आणि ८१ वर्षांच्या माणसाला तुटका आवाज म्हणजे नुसता त्रास. शिवाय ॲपवरून लावलेल्या फोनचा अनोळखी नंबर दिसू शकतो, आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं असे फोन उचलत नाहीत. चार पैसे जास्त गेले तरी सिमवरच्या पॅकवरूनच बोला, असं मला वाटतं.

फोन न लागण्याचं दुसरं एक कारण मी बूथवर रोज बघायची. डायरीत ब्रिटनच्या +४४ नंतर कंसात शून्य असतं, पुढं लेस्टरचा ११६. लोक ते शून्यही दाबतात. ते सोडायचं: ००४४, मग ११६, मग उरलेले सात आकडे. मोबाईलवर पहिल्या दोन शून्यांच्या जागी शून्याचं बटण दाबून धरलं की + येतं.

अक्कांना खुर्चीतून उठून फोनपर्यंत यायला वेळ लागणार. भरपूर रिंग वाजू द्या. वाजत असताना पैसे लागत नाहीत, उचलल्यावर लागतात. मात्र तिकडं मशीननं ‘निरोप ठेवा’ म्हटलं की तोही उचललेलाच फोन धरतात, मिनिटं सुरू होतात. किती रिंगनंतर मशीन येतं ते एकदा मोजा, आणि त्याच्या आधी ठेवून परत लावा.

आणखी एक. ब्रिटनमधल्या तांब्याच्या तारांवरच्या जुन्या लाइनी जानेवारी २०२७ पर्यंत बंद होऊन इंटरनेटवर जायच्या आहेत. नंबर सहसा तोच राहतो, पण फोन राउटरला जोडावा लागतो आणि वीज गेली की तो मुका होतो. तेव्हा एखाद्या दिवशी अक्का लागल्या नाहीत तर लगेच काळजात धस्स होऊ देऊ नका. त्यांच्या शेजारणीचा किंवा नात्यातल्या कुणाचा मोबाईल नंबर जवळ ठेवा.

वेळ मात्र अक्कांच्या घड्याळाची ठरवा. तिकडं घड्याळ वर्षातनं दोनदा तासानं पुढं-मागं करतात. त्यांच्या सकाळी साडेदहाला म्हटलं, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत आपल्याकडं तीन वाजलेले असतात, बाकीचे महिने चार. कॅलेंडरवर त्या दोन रविवारांना आत्ताच गोल करून ठेवा.