घरगुती वाक्यांतून स्पॅनिश : वाचकांचे प्रश्न

‘मला चहा आवडतो’ यासाठी मी ‘यो गुस्तो एल ते’ लिहिलं. ते चूक का?

वाक्य तुम्ही मनात इंग्रजीतून जुळवलंत, म्हणून. सरळ मराठीतून जा. आवडणारा चहा हाच कर्ता, ‘यो’ म्हणजे ‘मी’ नव्हे. ‘मला’साठी ‘मे’, म्हणून ‘मे गुस्ता एल ते’. क्रियापदही वस्तूप्रमाणेच बदलतं. आंबा आवडतो, आंबे आवडतात. ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. पण ‘आईला कॉफी आवडते’ म्हणताना मराठीवर विसंबू नका. ‘आ मि माद्रे ले गुस्ता एल काफे’ यातलं ‘ले’ म्हणजे ‘तिला’. आईचा उल्लेख आधी झाला तरी ते हवंच, आणि मराठी माणूस नेमकं तेच गाळतो.

‘आहे’ म्हणायला कायमचं असेल तर ‘एस’, तात्पुरतं असेल तर ‘एस्ता’. एवढं पुरतं का?

नाही पुरत. कुंडीतलं रोप मेलं ते कायमचंच, तरी म्हणायचं ‘ला प्लान्ता एस्ता मुएर्ता’. वस्तू बदलून कोणत्या अवस्थेला आली हे सांगताना ‘एस्ता’ येतं. स्वभावधर्म, ओळख, कशाची बनली आहे, यासाठी ‘एस’. शंका आली की ‘आहे’ऐवजी ‘असतं’ आणि ‘झालंय’ घालून बघा. बर्फ थंड असतो : ‘एल येलो एस फ्रियो’. सूप थंड झालंय : ‘ला सोपा एस्ता फ्रिया’. दहापैकी दहा वेळा जमेल असं नाही, पण स्वयंपाकघरापुरतं बरंच निभावतं.

खरी पंचाईत होते ती मिठाच्या डब्यापाशी, कारण आपलं ‘आहे’ तिथे आणखी एक काम करतं. घरात मीठ आहे का, हे विचारायला ‘आय साल?’ आणि आहे ते कुठे ठेवलंय, याला ‘दोन्दे एस्ता ला साल?’ ‘आय’नंतर ‘एल’ किंवा ‘ला’ (इंग्रजी ‘the’सारखे शब्द) लावू नका. ते अनेकवचनातही बदलत नाही : ‘आय उन प्लातो’, ‘आय दोस प्लातोस’. जागा सांगताना ‘एस्ता’ हे खरं, पण समारंभ कुठे होणार हे सांगायचं तर ‘एस’ : ‘ला फिएस्ता एस एन मि कासा’.

ग्लास हातून फुटला, ‘मी फोडला’ असं म्हणायचं नाही. कसं सांगू?

‘से मे रोम्पियो एल बासो’. ‘मे’ म्हणजे इथे ‘माझ्या हातून’. ग्लास अनेक असतील तर ‘से मे रोम्पिएरोन लोस बासोस’. भात करपला तरी हीच घडण : ‘से मे केमो एल आरोस’. नुसतं ‘रोम्पी एल बासो’ म्हटलंत तर मुद्दाम फोडला, असाही अर्थ निघू शकतो.

कर्माआधी ‘आ’ कधी लावायचा?

मराठीत ‘किल्ल्या शोधते’, पण ‘बहिणीला शोधते’. अगदी तसंच : ‘बुस्को लास याबेस’, ‘बुस्को आ मि एर्माना’. घरचं लाडकं मांजरही माणसांतच मोडतं : ‘बुस्को आल गातो’. ‘आ’ आणि ‘एल’ शेजारी आले की ‘आल’ होतं.