जुने प्लास्टिकचे सैनिक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये मार्क्स या अमेरिकी खेळणी कंपनीचा 'फोर्ट अपाची' हा किल्ला आणि सैनिकांचा संच मिळाला. सगळं मूळचंच आहे का, कसं ओळखायचं?

आधी अभिनंदन, मोठी वस्तू हाती लागली आहे! लुई मार्क्सच्या कंपनीने 1950च्या दशकापासून हा संच वर्षानुवर्षे काढला आणि त्यातला ऐवज बदलत राहिला. त्यामुळे 'पूर्ण संच' ठरवायचा तो तुमच्या खोक्यावरच्या क्रमांकावरून. सुरुवातीचे सैनिक 60 मिलिमीटरचे, नंतरचे 54 चे. दोन्ही मापं एकत्र निघाली, तर दोन संच मिसळले असण्याची शक्यता धरा. 1980च्या सुमारास कंपनी बंद पडली, पण साचे टिकले आणि त्यातून पुन्हा माल निघाला. आकृती तीच असल्याने नुसत्या चेहऱ्यावरून फरक कळत नाही. प्लास्टिकचा रंग आणि स्पर्श खात्रीच्या जुन्या नगाशी ताडून पाहा. किंमत ठरते ती चिल्लर वस्तूंवर: शिड्या, खोगिरं, फाटकाचे दरवाजे. हरवतात तेच आधी.

प्रश्न: सैनिकांच्या बंदुका वाकल्यात. सरळ होतील?

पॉलिथिलिन, म्हणजे मऊ जातीचं प्लास्टिक असेल तर होतील. कढत पाण्यात थोडा वेळ धरा, बोटांनी सरळ करा आणि तसंच धरून लगेच थंड पाण्यात बुडवा. मात्र प्लास्टिक ठिसूळ झालं असेल तर हात लावू नका. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते आतूनच खचतं. त्यावर उपाय नाही. एअरफिक्स आणि टिम्पो या ब्रिटिश कंपन्यांच्या जुन्या सैनिकांत हे फार दिसतं. तुटलेला पाय साध्या गोंदाने चिकटत नाही.

प्रश्न: रत्नागिरीत राहतो. संचातल्या पत्र्याच्या खेळण्यातल्या इमारतीला गंज धरतोय.

पाणी लावू नका, घासू तर नकाच. छापील रंग निघून येईल. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.

प्रश्न: आठ वर्षांच्या मुलीला खेळायला देऊ का?

जरूर द्या, खेळण्यासाठीच केलेत ते. रंगवलेले जुने नग मात्र बाजूला ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तिच्यासाठी पुन्हा काढलेले, बिनरंगाचे सैनिक घ्या, स्वस्तही पडतात. आणि तिला हेही सांगा, की खरा फोर्ट अपाची अमेरिकेतल्या ॲरिझोनात, अपाची या मूळनिवासी लोकांच्याच भूमीवर 1870 साली उभा राहिला. खोक्यावरच्या चित्रात अपाची हल्लेखोर दिसतात. एक डाव त्यांच्या बाजूने मांडून बघा. कोण कोणाच्या दारात आलं, हे तिला पटकन कळेल.