ऊसतोड कामगारांसाठी गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार करायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की तालुक्यात संघटनेला दहा-बारा नवी पोरं-पोरी मिळालीत, गावंच्या गावं दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तर त्यांच्या हक्कांसाठी या पोरांना कसं तयार करायचं आणि आधी कोणते कायदे शिकवायचे. कायद्यांवर मी येतेच, पण माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी कायदा काढूच नका. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात शंभर पानी वही द्या आणि उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचा, हिशोब लिहायला शिकवा.

माझे आईवडील बीड जिल्ह्यातून कोल्हापूर-सांगलीकडे वीस वर्षं तोडीला गेले, मी लहानपण कोपीत म्हणजे तोडीवरच्या तात्पुरत्या झोपडीत काढलंय आणि आता अकरा वर्षं संघटनेचं काम करते. आमचं पहिलं शिबिर झेडपीच्या शाळेत होतं. वकील बोलावले होते, चांगले माणूस, तळमळीचे, त्यांनी दोन तास किमान वेतन, वेठबिगारी, संविधान सगळं सांगितलं आणि लोक मान डोलवत बसले. शेवटी मागं बसलेल्या एका मावशीनं पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात कारखान्याच्या वजनकाट्याच्या स्लिपा होत्या, चुरगाळलेल्या, काहींवरची शाई उडालेली, आणि म्हणाली, "साहेब, हे समदं खरं आसंल, पण माझी उचल किती फिटली तेवढं सांगा की." त्या खोलीत आम्ही सात कार्यकर्ते होतो आणि एकालाही ते सांगता आलं नाही. त्या दिवसापासून आमच्या ट्रेनिंगचा क्रमच बदलला.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा मध्यस्थ कोयत्याला उचल देतो म्हणजे अ‍ॅडव्हान्स, आणि मग ती रक्कम तोडलेल्या उसाच्या टनांमधून फेडायची. आता हा हिशोब फळ्यावर मांडा. उचल समजा एक लाख. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, हिशोबासाठी टनाला ३६६ रुपये धरू. एक लाख भागिले ३६६ म्हणजे जवळजवळ २७३ टन. धडधाकट जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर १३७ दिवस, एकही खाडा म्हणजे सुट्टी न घेता, ताप नाही, पाळी नाही, पाऊस नाही, गाडी उशिरा आली म्हणून फडात म्हणजे उसाच्या शेतात बसून राहणं नाही. आणि कारखान्याचा पट्टा शंभर दिवसांतच पडला, म्हणजे हंगाम संपला, तर? १०० दिवस, २०० टन, ७३,२०० रुपये. २६,८०० अंगावर राहिले. त्यात दर आठवड्याच्या बाजाराला मुकादमानं दिलेली खर्ची वेगळी आणि खाड्याचा दंड वेगळा. हे फळ्यावर लिहिल्यावर एका माणसानं मला विचारलं होतं, "म्हंजे ताई, आपण घरून निघतानाच पुढच्या सालाला बांधलेलो आसतो का?" कुठलंही भाषण हे करू शकत नाही.

म्हणून वही. त्यात रकाने फार करू नका, नाहीतर कोणी लिहीत नाही. तारीख, कोणत्या गावात कोणाचा फड, स्लिपेवरचं वजन, टोळीत किती कोयते, खर्ची किती घेतली, खाडा झाला का आणि का झाला. टोळीच्या नावावर एकच स्लिप निघते, ती १८ टनांची असेल आणि कोयते दहा असतील तर एकेकाच्या वाट्याला १.८ टन, हा भागाकार रोज संध्याकाळी कोपीसमोर मोठ्यानं झाला पाहिजे. टोळीत सातवी-आठवी शिकलेली एखादी पोरगी असतेच, तिला हे काम द्या, बिनचूक करते. स्लिपेचा फोटो मोबाईलमध्ये काढून गावाकडच्या कार्यकर्त्याला त्याच दिवशी पाठवायचा, कारण स्लिप हरवते, भिजते, कधी मुकादम काढून घेतो. वजनात काटामारी होतेय असा संशय आला तरी आधीच्या महिन्याचे आकडे हातात असल्याशिवाय तुम्ही काही बोलू शकत नाही.

या स्लिपेचा अजून एक उपयोग आहे जो मला स्वतःला फार उशिरा कळला. कारखाना म्हणतो हे आमचे कामगारच नाहीत, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम म्हणतो मी पण तुमच्यासारखाच गरीब. या साखळीत कामगाराच्या हातात कारखान्याचं नाव असलेला एकच कागद येतो, ती स्लिप. अपघात झाला, कोणी गेलं, आणि कारखान्याला दारात उभं करायचं असेल तर ती पिशवी पुरावा असते. मी एका प्रकरणात फक्त ४१ स्लिपांचे फोटो घेऊन गेले होते आणि आधी जे साहेब भेटायलाच तयार नव्हते त्यांनी खुर्ची दिली.

आता नेता कोणाला करायचं. हे मी जरा कठोर होऊन सांगते, मुकादमाला करू नका. सगळे मुकादम वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, त्यांनीही ठेकेदाराकडून पैसे उचललेले असतात, उचल घेऊन लोक पळाले की काही मुकादम खरंच बुडतात, जमिनी विकलेले मी पाहिलेत. पण मजुरीच्या वर त्याचं कमिशन असतं, ३४ टक्क्यांच्या त्याच करारात मुकादमांचं कमिशनही वाढून २० टक्के झालं, आणि मजुराच्या अंगावर राहिलेली बाकी वसूल करायला जायचं त्यालाच आहे. ज्याच्याकडे वसुली आहे तो तक्रारीचा अर्ज लिहून देणार नाही. आपल्याकडे मात्र संघटनेच्या मीटिंगला पुढच्या रांगेत मुकादमच बसलेले असतात कारण गाडी त्यांच्याकडे असते, बोलायला ते पटाईत असतात. तुमच्या दहा-बारा जणांत असा कोणी आहे का ते आधी बघा आणि असेल तर त्याच्याशी वेगळी बोलणी करा, मजुरांच्या गटात नको.

आणि निम्म्या बायका. नुसत्या नावाला नाही. कोयता जोडीचा असतो पण उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशोब नवरा करतो, आणि बाई पहाटे उठून स्वयंपाक करून फडात, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, परत येऊन पुन्हा चूल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा जणींत एक. ही गोष्ट पुरुष कार्यकर्ता कोपीत जाऊन कशी विचारणार? खाड्याच्या भीतीनं बाई दुखणं अंगावर काढते, पाण्याची सोय नाही, संडास नाही, मग इन्फेक्शन वाढतं आणि कोणीतरी सांगतं पिशवी काढून टाक म्हणजे कटकट गेली. म्हणून आम्ही शिबिरात एक पूर्ण दुपार फक्त बायकांची ठेवतो, दार लावून, आत एक आशाताई किंवा नर्स, बाकी कोणी नाही. पहिला अर्धा तास कोणी बोलत नाही. घाई करू नका, थांबा. एकीनं सुरुवात केली की संध्याकाळ पुरत नाही. वहीत बाईच्या नावानं वेगळं पान काढायला पण तिथंच शिकवा, तिनं तोडलेला ऊस तिच्या नावावर लिहिला गेला की घरातही बोलणं बदलतं, मी बघितलंय.

कायद्यांचं आता. सगळे नकोत, तीन-चार गोष्टी पक्क्या करून घ्या.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा. लोकांना वाटतं वेठबिगारी म्हणजे साखळदंड. तसं नाहीये. उचल दिली आणि तिच्या बदल्यात माणसाला काम सोडून जायला बंदी केली, किंवा किमान वेतनापेक्षा कमीत राबवलं, तर तो वेठबिगार ठरू शकतो. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे संविधानाच्या कलम २३ मध्ये बंदी घातलेली सक्तीची मजुरीच. या कायद्यानं असं कर्ज आपोआप रद्द होतं, आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही. हे शेवटचं वाक्य पोरांकडून चार वेळा म्हणून घ्या. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो, सुटका झाल्यावर मुक्ती प्रमाणपत्र मागायचं, त्याशिवाय पुनर्वसनाचे पैसे पुढं सरकत नाहीत. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे आणि पुढं पुरुषाला एक लाख, बायका-मुलांना दोन लाख.

दुसरी गोष्ट, हद्द. बीडहून बेळगावकडं गेलेली टोळी आणि बीडहून कोल्हापूरला गेलेली टोळी कायद्याच्या नजरेत सारखी नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठीच होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितांमध्ये गेला तरी ही आंतरराज्यची अट तशीच राहिली. कर्नाटकात जाणाऱ्यांना जाण्यायेण्याच्या भाड्यासारखे काही हक्क वेगळे मिळतात, राज्यातल्या राज्यात पाचशे किलोमीटर गेलेल्याला ते नाहीत. मला हा अन्यायच वाटतो, पण कार्यकर्त्याला तो माहीत हवा म्हणजे चुकीच्या कायद्याखाली अर्ज करून महिना वाया जाणार नाही.

तिसरी, ओळखपत्र. राज्यात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, नोंदणी गावात ग्रामसेवकाकडून होते. अपघात विमा, पोरांची संत भगवानबाबा वसतिगृहं (४१ तालुक्यांत ८२ मंजूर आहेत) या सगळ्याला ते कार्ड लागतं. हे काम श्रावण-भाद्रपदातच उरकायचं, गाड्या निघाल्यावर ग्रामसेवक पण सापडत नाही आणि माणूस पण. रेशनचंही तसंच, जिथं तोडीला गेलात तिथल्या दुकानात धान्य मिळतं, फक्त आधार जोडलेलं आहे का ते निघायच्या आधी तपासून ठेवा.

नुसतं सांगून यातलं काही डोक्यात राहत नाही, करून बघावं लागतं. आम्ही नाटक बसवतो. एक जण मुकादम, एक कारखान्याचा शेती अधिकारी, एक ठाणे अंमलदार, आणि एक बाई मजूर जिच्या नवऱ्याला बाकीसाठी गाडीत घालून नेलंय. असं खरंच घडतं, माणूस डांबून ठेवतात. अंमलदार झालेल्या पोराला आम्ही मुद्दाम सांगतो की तक्रार घेऊ नको, म्हण की हा तर पैशाचा व्यवहार आहे, कोर्टात जा, किंवा म्हण आमच्या हद्दीत घडलेलं नाही. पहिल्या वेळी प्रत्येक कार्यकर्ता इथं गप्प होतो किंवा चिडून आवाज चढवतो. दुसऱ्या वेळी तो शांतपणे म्हणायला शिकतो की साहेब, माणसाला डांबणं हा दखलपात्र गुन्हा आहे, हद्दीचं म्हणाल तर झिरो एफआयआर घ्या, म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवा, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये तसं आहे, आणि घेत नसाल तर मी लेखी अर्ज देते, त्याची पोच द्या. पोच मिळाल्याशिवाय तो अर्ज दिलाच नाही असं धरा, ही सवय अंगात भिनेपर्यंत नाटक परत परत करा. आमची एक कार्यकर्ती पंधरा वेळा हे नाटक करून मग खऱ्या ठाण्यात गेली, हात थरथरत होते म्हणाली, पण पोच घेऊनच बाहेर आली आणि तो माणूस तिसऱ्या दिवशी घरी आला.

अजून एक, कार्यकर्ता गावात बसून आणि लोक चारशे किलोमीटरवर, मग करणार काय, हे तुम्हालाही जाणवलंच असेल. म्हणून प्रत्येक टोळीतून एक माणूस ट्रेनिंगला आलाच पाहिजे, मग तो पुढारी नसला तरी चालेल. त्याच्याकडं तीन नंबर हवेत, गावातल्या कार्यकर्त्याचा, ज्या तालुक्यात ऊस तोडतात तिथल्या कोणातरी भरवशाच्या माणसाचा, आणि ११२. तिकडचा भरवशाचा माणूस मिळवणं सगळ्यात अवघड. आम्हाला कधी हमाल संघटनेतले मिळाले, कधी अंगणवाडी सेविका, एकदा तर ज्यांच्या फडात तोड चालू होती ते शेतकरीच मदतीला धावले. हंगामात दोन वेळा तरी कार्यकर्त्यांनी कोप्यांवर मुक्कामाला जायला पाहिजे. फोनवर बाई म्हणते सगळं बरं हाय, आणि तिथं गेल्यावर दिसतं की लेकरू पंधरा दिवस तापलंय.

खर्चाचं विचाराल तर शिबिराला फार पैसे लागत नाहीत, शाळेची खोली, दोन वेळचं जेवण आणि वह्या. लागतो तो वेळ, आणि तो श्रावण ते दसरा एवढाच मिळतो, त्यातही पोळा झाला की मुकादम दारात येतात आणि उचलीची बोलणी सुरू होतात. पहिलं शिबिर पोळ्याच्या आधी दोन दिवसांचं घ्या म्हणजे उचल ठरतानाच तुमचा कार्यकर्ता वही घेऊन ओट्यावर बसलेला असेल आणि रक्कम, तारीख, साक्षीदार तिथल्या तिथं लिहिलं जाईल, बाईच्या सहीसकट. दुसरं एक दिवसाचं शिबिर गाड्या निघायच्या आठवड्यात, आणि तिसरं पट्टा पडून लोक परत आले की, तेव्हा सगळ्या वह्या समोर ठेवून मुकादमाच्या हिशोबाशी टन टन जुळवायचे. पहिल्या वर्षी निम्म्या वह्या कोऱ्या परत येतील. आमच्या ३० पैकी ११ भरून आल्या होत्या, त्या अकरातल्या चार घरांची बाकी मुकादमाला कमी करावी लागली, आणि पुढच्या श्रावणात लोक वही मागायला स्वतः घरी आले.