पीककर्ज थकलंय, बँक ‘ओटीएस (एकरकमी तडजोड) करा’ म्हणतेय. करावं का?
सोयाबीनसारख्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीएत (बुडीत-थकीत खात्यांत) जातं. तडजोडीला बँक सहसा त्यानंतरच तयार होते. व्याज बरंचसं सुटतं, पण ठरलेली रक्कम मुदतीत भरावी लागते. चुकलात तर सवलत जाते. म्हणून आडतीवरून पैसे हातात येईपर्यंत होकार देऊ नका.

तोंडी शब्दावर एक रुपयाही भरू नका, आधी मंजुरीचं पत्र घ्या. भरणा झाला की बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला घेऊन तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा उतरवा. आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं. शिवाय तडजोड केली की सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) ‘सेटल्ड’ म्हणजे ‘तडजोडीने मिटवलं’ असा शेरा पडतो, नवं कर्ज अवघड होतं. त्यामुळे पुनर्गठन (परतफेडीला नवी मुदत) मिळत असेल तर आधी तेच मागा.