स्टॉरमाँटच्या सभागृह नेत्यावर लिहिताना

प्रिय विद्यार्थिनी,

उत्तर आयर्लंडच्या जुन्या संसदेतला, म्हणजे स्टॉरमाँटमधला, सभागृह नेता (सरकारतर्फे सभागृहाचं कामकाज आखणारा मंत्री) हा विषय घेतलास, छान. पण आपल्या विधानभवनातली कामकाज सल्लागार समिती डोळ्यांपुढे ठेवून सुरुवात केलीस तर फसशील. 52 जणांच्या त्या सभागृहात 1921 ते 1972 युनियनिस्टांचं (ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्यांचं) बहुमत एकदाही गेलं नाही. पहिल्याच निवडणुकीत त्यांच्या 40 जागा. विधेयक पडायची भीतीच नव्हती. मग कामकाज सांभाळणाऱ्याला घोर कशाचा होता, ते शोध.

पहिला घोर 1920 च्या आयर्लंड शासन कायद्याचा. राजपद, सैन्य, परराष्ट्र व्यवहार हातात नाहीत. टपाल आणि मुख्य कर लंडनने राखलेले. कलम 5 मुळे धर्मावरून भेदभाव करणारा कायदा करायला बंदी. म्हणून प्रत्येक विधेयकापुढे आधी लिही, विषय अधिकारात होता का. मग वाचनं, सिनेट आणि गव्हर्नरची संमती यांच्या तारखा मांड. मोठी फट दिसली की थांब. स्थानिक निवडणुकांतली प्रमाणशीर मतपद्धत काढणारं 1922 चं विधेयक मंजूर होऊनही संमतीसाठी सुमारे दोन महिने अडकलं. त्याचं कारण सभागृहाच्या इतिवृत्तात नाही, लंडन-डब्लिनच्या राजकारणात आहे.

सिनेटवर फार वेळ घालवू नकोस. 26 पैकी 24 जण खालचं सभागृहच निवडायचं, अडवणार कोण? विरोधकांचंही तसंच. नॅशनलिस्टांनी (अखंड आयर्लंड हवं असणाऱ्यांनी) अधिकृत विरोधी पक्षाची जागा घेतली 1965 मध्ये, आणि अख्ख्या काळात त्यांचा एकच कायदा झाला, 1931 चा वन्य पक्षी संरक्षणाचा. (पक्ष्यांवर कोणाचा काय राग असणार!)

खरी घासाघीस स्वपक्षाच्या मागच्या बाकांशी. ती भाषणांत फारशी दिसत नाही. बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारात मंत्रिमंडळाच्या इतिवृत्तांची सीएबी 4 मालिका आहे, तिथे बघ. हे काम बघणारा मुख्य प्रतोद कागदावर अर्थखात्याचा संसदीय सचिव असायचा, तेव्हा नुसतं 'सभागृह नेता' शोधलंस तर निम्मं काम हातचं जाईल.

सुरुवातीला 1950 च्या दशकातलं एखादं शांत सत्र घे. 1969 नंतरचं नको, तिथे रस्त्यावरच्या घटना कामकाज ठरवतात. जुलै 1971 मध्ये एसडीएलपी हा विरोधी पक्ष सभागृहातून बाहेर पडल्यापासून मार्च 1972 मध्ये संसद स्थगित होईपर्यंतचा भाग तर वेगळ्या प्रकरणात घे. 1950 च्या दशकातल्या त्या एका सत्राचा तारखांचा तक्ता आधी पाठव, मग पुढचं बोलू.

तुझे सर